खुणांची वाटी

आमची ही गेल्याचं मला कळलं, तेव्हा मी रक्त तपासणीच्या लॅबबाहेर बाकावर बसून ढेकर देत होतो. याहून बरं काहीतरी करत असायला हवं होतं, पण माणसाला आधी कुणी सांगत नाही.

मधुमेहवाल्याला दोनदा रक्त द्यावं लागतं. एकदा उपाशीपोटी, आणि मग खाऊन बरोबर दोन तासांनी. पहिलं मी आठ वाजता दिलं आणि हिनं दिलेला डबा खाल्ला. डब्यात काय असावं आणि किती असावं, हे खातं तिचं. माझं काम डबा उघडणं, खाणं आणि ‘एवढंच?’ म्हणणं. त्या दिवशी ऐकायला समोर कुणी नव्हतं, तरी मी रिकाम्या डब्याकडे बघून ‘एवढंच?’ म्हणालो. दुसरं रक्त दहा वाजून दहा मिनिटांनी द्यायचं होतं. दहाला दहा कमी असताना फोन वाजला.

तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासता तपासता ती टेबलावर डोकं टेकून बसली, ती उठलीच नाही. ‘ताबडतोब या,’ असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्या आवाजावरून कळत होतं की ताबडतोब येऊन आता काही उपयोग नाही.

मी उठलो. रक्त घेणाऱ्या बाई दारात आल्या. ‘काका, अजून वीस मिनिटं आहेत.’

‘आलोच,’ म्हणालो. गेलो तो गेलोच.

मधुमेह मला होता. रक्तदाब मला होता. गुडघे माझे दुखायचे. तिला सर्दीसुद्धा कधी तीन दिवस टिकली नाही. आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या वहिनी रडता रडता म्हणाल्या, ‘पत्ता चुकला हो त्याचा.’ लोकांना ते बोलणं खटकलं. मला पटलं. मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. कागद चुकीच्या टेबलावर जातात, हे मला माहीत आहे.

नोकरी काय होती तेही सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. मी वजनमापं तपासणारा निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बुडाला मेण लावलेली मापं पकडायची, किलोचं वजन खरोखर किलो आहे का ते बघायचं आणि त्यावर शिक्का मारायचा. मापात पाप केलेला माणूस मला वासावरून कळायचा, अशी माझी ख्याती होती. ख्याती ऑफिसात होती. घरी नव्हती.

पुढचे दोन आठवडे घर भरलेलं होतं. येणारा प्रत्येक जण काहीतरी खायला घेऊन यायचा आणि समोर बसून ‘दोन घास खा’ म्हणायचा. दोन घास कुणाचेच दोन नसायचे. शिवाय माणूस दुःखात असला की त्याला गोड द्यावं, असा सगळ्यांचा समज दिसला. नाही म्हणायला मी शिकलो नव्हतो. ते खातंही तिचंच होतं. मी नुसता हात पुढे करायचो आणि ती अर्ध्या वाटेत ताटली उचलायची. आता ताटली कुणी उचलेना.

पंधराव्या दिवशी मुलीनं माझं बोट टोचून घरच्या यंत्रात बघितलं. तीनशे बारा.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. स्वभाव आईचा, आवाज माझा. हे मिश्रण चांगलं नाही. ती बाजारात गेली आणि एक भलंमोठं कुलूप घेऊन आली. माझ्यासमोर टेबलावर आपटलं.

‘बाबा, तीन महिने देते. तीन महिन्यांनी ती साखरेच्या सरासरीची तपासणी करायची. सातच्या खाली आली तर राहा इथं. वर गेली तर हे दाराला, आणि तुम्ही माझ्याकडे.’

‘तुझ्याकडे कुठे राहू? जागा आहे का?’

‘हॉलमध्ये. माशांच्या टाकीशेजारी पलंग टाकू.’

तिच्या टाकीचा पंप दिवसरात्र बुडबुडे काढतो. मासे काही बोलत नाहीत, नुसते बघतात. पण कारण ते नव्हतं. कारण मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. हिच्या चपला दाराशी होत्या, हिचा लाल पेनांचा डबा खिडकीत होता. त्यांना कुलूप लावून जायचं आणि आपण माशांकडे बघत बसायचं, हे मला जमणार नव्हतं.

मुलगी गेली. कुलूप राहिलं.

मी ठरवलं की यात अवघड काय आहे? ती करत होती तेच करायचं. आणि ती काय करत होती ते लिहिलेलं होतं. फडताळात तिची वही होती. सहा वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला त्या दिवसापासूनची. वही उघडली आणि मला घाम फुटला. रोजच्या जेवणाखाली लाल पेनानं मला दहापैकी गुण दिले होते.

‘सकाळी नीट. दुपारी नीट. ९/१०.’

‘चालायला गेले. परत आले तेव्हा चेहरा गोड दिसत होता. विचारलं तर नाही म्हणाले. ४/१०.’

‘लग्नाला गेलो. माझं लक्ष नव्हतं. यांना ०. मलाही ०.’

सहा वर्षं मी रोज परीक्षेला बसत होतो आणि मला कुणी कळवलंही नव्हतं. शेवटच्या पानावर ती गेली त्या दिवसाची तारीख होती. ‘रक्त द्यायला गेले. डबा दिला.’ खाली नुसतं ‘/१०’. वरचा आकडा ती संध्याकाळी घालायची.

पण मला हवं होतं ते माप. ते असं होतं: ‘भात खुणेपर्यंत. डाळ काठोकाठ. भाजी दोनदा काठोकाठ.’ पान उलटा, तेच. सहा वर्षं तेच. कशाची खूण? कसला काठ? एके ठिकाणी फक्त ‘वाटी’ असं लिहिलं होतं. माझ्यासारख्या माणसाच्या घरात वाटी हे माप चालत होतं आणि मला पत्ता नव्हता!

मी घरातल्या सगळ्या वाट्या काढल्या. चौदा निघाल्या. प्रत्येकीत पाणी भरलं, मोजलं, तक्ता केला. सगळ्यात लहान ऐंशी मिलिलिटर, सगळ्यात मोठी दोनशे तीस. भिंग घेऊन चौदाही वाट्या आतून बाहेरून तपासल्या. खूण एकीवरही नव्हती. मग सरासरी काढली. सरासरी आली एकशे बावन्न. एकशे बावन्नची वाटी घरात एकही नव्हती. जवळची घेतली आणि तीन दिवस तिनं मोजून जेवलो. यंत्र म्हणालं दोनशे एकसष्ट.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मदत आली. ती मागवलेली नव्हती. वरच्या मजल्यावर एक विम्याचे निवृत्त एजंट राहतात. त्यांना सगळी इमारत सोळा-आठ म्हणते, कारण ते दिवसातले सोळा तास उपाशी राहतात आणि उरलेले आठ तास त्याबद्दल बोलतात.

‘इन्स्पेक्टर, तुमचं दुखणं काय आहे माहितीय?’ माझ्या खुर्चीत बसत ते म्हणाले. ‘इन्सुलिन आहे तुमच्यात. भरपूर आहे. पण ऐकतंय कोण?’

‘म्हणजे?’

‘मी चाळीस वर्षं लोकांची दारं ठोठावली. पहिल्यांदा गेलो की दार उघडायचे, पाणी द्यायचे. पाचव्यांदा गेलो की साखळी लावून बोलायचे. दहाव्यांदा गेलो की टीव्हीचा आवाज मोठा करायचे. इन्सुलिनचं तेच झालंय. तुम्ही दिवसातून आठ वेळा खाताय, ते आठ वेळा दार वाजवतंय, आतल्या पेशी टीव्ही बघतायत. साखर बिचारी बाहेर जिन्यात.’

‘मग?’

‘मग काही दिवस दारावर जायचंच नाही! उपाशी राहायचं. लोकांना तुमची आठवण आली पाहिजे. सोळा तास काही नाही. बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा चालेल.’

खरं सांगतो, मधुमेहाचं इतकं स्पष्ट वर्णन मला कुठल्याही डॉक्टरनं ऐकवलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. आणि मला ते आवडलं. लोक म्हणतात उपवास कठीण असतो. बायको गेलेल्या माणसाला नसतो. न्याहारी नाही म्हणजे सकाळी स्वयंपाकघरात जायला नको. रात्रीचं जेवण नाही म्हणजे दोन खुर्च्यांच्या टेबलावर एकट्यानं बसायला नको. कुणी विचारलं ‘जेवलात का?’ तर ‘उपास आहे’ म्हणायचं. समोरचा लगेच आदरानं बघतो. पूर्वी मी जेवलो नाही की लोक कळवळायचे, आता कौतुक करायला लागले. सोळाचे अठरा तास झाले, अठराचे एकोणीस. पँट ढिली झाली. आकडे दीडशेच्या आसपास आले. सोळा-आठ जिन्यात भेटले की सलाम करायचे.

डॉक्टरीणबाईंकडे मात्र मी गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी आधी माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघितलं असतं. तिथं ही बसायची आणि माझी लक्षणं सांगायची. मी फक्त जीभ दाखवायचो.

मग तपासणीचं कार्ड संपलं. म्हणजे कार्ड होतं, पण ते हिच्या नावावर. शिक्षकांच्या आरोग्य योजनेत ती मुख्य कार्डधारक आणि मी अवलंबित. तपासणीची चिठ्ठी त्याच कार्डावर मिळायची, यंत्राच्या पट्ट्याही. योजनेच्या ऑफिसात खिडकी क्रमांक चार. मी सकाळची गोळी घेतली, सवयीनं, आणि उपाशीपोटी जाऊन रांगेत उभा राहिलो. रांगेत बहुतेक माझ्याच धर्माचे, म्हणजे मधुमेहाचे लोक होते. दीड तासानं नंबर लागला.

‘मुख्य कार्डधारकाची सही लागेल,’ खिडकीतले कारकून म्हणाले.

‘त्या वारल्या.’

‘सही त्यांचीच लागते.’

‘वारल्या म्हणतोय मी.’

‘ऐकलं. दाखला?’

दाखला दिला. त्यांनी वाचला. ‘वाईट झालं,’ म्हणाले. मनापासून म्हणाले. मग कळा दाबल्या आणि पडद्याकडे बघून मान हलवली. ‘मुख्य बंद झालं की अवलंबित आपोआप बंद होतं. तुम्हीपण बंद आहात.’

‘मी इथं उभा आहे.’

‘तुम्ही दिसताय हो. पण पडद्यावर नाही दिसत.’

‘मग चालू कसा होऊ?’

‘अर्ज करायचा.’

‘कुणी?’

‘मुख्य कार्डधारकानं.’

मी चौतीस वर्षं अशाच टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. एक क्षण मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं. मग हात थरथरायला लागले. मला वाटलं राग आलाय. कपाळावर घाम आला. वाटलं, चांगलाच राग आलाय. मग खिडकी क्रमांक चार हळूहळू वर गेली आणि माझ्या लक्षात आलं की खिडकी जागेवर आहे, मी खाली चाललोय.

‘साखर उतरली यांची!’ मागून कुणीतरी ओरडलं.

रांग मधुमेह्यांची असल्याचा फायदा तेव्हा कळला. बारा जणांचे हात बारा खिशांत गेले आणि बारा गोळ्या बाहेर आल्या. लिंबाच्या, संत्र्याच्या, एक तर चॉकलेट. प्रत्येकाकडे होती. माझ्याकडे नव्हती. माझी हिच्या पर्समध्ये असायची. एका म्हाताऱ्या बाईंनी साखरेचा खडा बोटानं माझ्या गालात कोंबला आणि म्हणाल्या, ‘चघळ. बोलू नकोस.’ मी अडुसष्ट वर्षांचा माणूस, माजी निरीक्षक, बाकावर आडवा, बूट कुणीतरी काढलेले, डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर. तो अंगठा बारा जणांनी बघितला. तेरावे कारकून. ते खिडकी सोडून बाहेर आले होते. त्यांना कमरेखालचा भागही आहे हे त्या ऑफिसात प्रथमच सिद्ध झालं असावं.

‘साहेब, माझ्यासमोर काही करू नका,’ मला पाणी पाजत ते म्हणाले. ‘मला तीन अर्ज भरावे लागतील.’

मग आत जाऊन त्यांनी स्वतःच एक कागद लिहिला आणि मला वाचून दाखवला: ‘अवलंबित व्यक्ती समक्ष जिवंत आढळली. सबब चालू करण्यात येत आहे.’ त्यावर शिक्का मारला. माझ्या आयुष्यात मी हजारो वजनांवर शिक्के मारले. माझ्यावर शिक्का पहिल्यांदाच बसला.

तिथून मला डॉक्टरीणबाईंकडे जावंच लागलं. त्यांनी आधी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग चष्मा काढून पुसला आणि मगच ओरडल्या.

‘ही गोळी घेतली की जेवायलाच हवं, हे माहीत नाही तुम्हाला? गोळी साखर खाली ढकलत बसते, तुम्ही वरून काही टाकत नाही. पडणार नाही तर काय होईल?’

‘उपासानं फायदा होतो म्हणाले.’

‘कोण म्हणालं?’

‘वरच्या मजल्यावरचे.’

‘त्यांना मधुमेह आहे?’

मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. त्यांना मधुमेह नाही. त्यांना काहीच नाही.

‘उपासाला माझी ना नाही,’ त्या जरा शांत झाल्या. ‘कुणाकुणाला उपयोग होतो. पण आधी विचारायचं, गोळ्या बदलून घ्यायच्या, साखर मोजत राहायची. आणि उपास सोडला की नीट जेवायचं. तुम्ही उपास करत नव्हतात. तुम्ही जेवण टाळत होतात.’

मी जीभ दाखवली. दुसरं काय करणार?

त्यांनी गोळी बदलली, उपास बारा तासांवर आणला, त्यातले बहुतेक झोपेत जातील असे. मी विचारलं, सरासरीची तपासणी आजच केली तर? त्या म्हणाल्या, ‘घाई नको. साखर रक्तातल्या लाल पेशींना चिकटून बसते. पेशी तीन-चार महिने जगतात. आज मोजलं तर मागचे दिवसही त्यात येतील. अजून थोडे दिवस जाऊ द्या, म्हणजे आत्ताचं खरं चित्र कळेल.’

मी घरी चालत आलो. ही गेल्याला त्या दिवशी साठ दिवस झाले होते. हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. चार महिन्यांतले साठ दिवस गेले म्हणजे अजून निम्म्या पेशी तिच्या हातचं खाल्लेल्या होत्या. रस्त्यानं जाताना मी मनगटाकडे बघत होतो. एका सायकलवाल्यानं शिवी दिली.

आता फक्त जेवण नीट व्हायला हवं होतं, आणि वाटी सापडत नव्हती. त्याच आठवड्यात समोरच्या वहिनींनी दार वाजवलं. हातात झाकलेली वाटी. चेहरा असा, जणू चोरी कबूल करायला आल्यात.

‘भाऊजी, ही तुमची. त्या दिवशी सकाळी शाळेत जाताना देऊन गेल्या. भाजी जास्त झाली होती म्हणाल्या. संध्याकाळी वाटी घेऊन जाईन म्हणाल्या.’

‘मग दोन महिने?’

‘रिकामी कशी परत करू? आणि भरायची तर कशानं? खीर केली, वाटीत घातली, आठवलं तुमची साखर, काढली. भात घातला, काढला. बटाटा घातला, काढला. घरातले हसायला लागले. शेवटी आज काकडी चिरली.’

झाकण काढलं. काकडी होती. ती खाऊन मी वाटी धुतली आणि खिडकीशी नेली. आतल्या बाजूला कंपासच्या टोकानं ओढलेल्या रेघा होत्या. एक नाही, पाच. एकाखाली एक. प्रत्येकीशेजारी मुंगीएवढा आकडा, सालाचा. मी पाणी भरून मोजलं. सगळ्यात वरची एकशे नव्वद. मग एकशे पंचाहत्तर, साठ, पंचेचाळीस. सगळ्यात खालची एकशे तीस.

सहा वर्षांत ती माझा भात एकेक रेघ खाली आणत गेली होती. चौतीस वर्षं मी गावभर मापातलं पाप पकडलं, आणि माझ्या ताटात रोज साठ मिलिलिटर तूट येत होती. मला कळलं कसं नाही? कारण पहिल्या रेघेलाही मी ‘एवढंच?’ म्हणत होतो आणि पाचव्या रेघेलाही. रोज तक्रार करणाऱ्याची तक्रार कोण ऐकतो?

त्या दिवसापासून भात पाचव्या रेघेपर्यंत. डाळ काठोकाठ. भाजी दोनदा. कमी पडलं की मोठ्यानं ‘एवढंच?’ म्हणायचं. समोरच्या दारातून वहिनी ‘बास झालं, भाऊजी!’ म्हणायच्या. पंधरा दिवसांत सकाळचा आकडा एकशे अठरावर आला. सोळा-आठ जिन्यात म्हणाले, ‘बघा, दार उघडलं!’ श्रेय त्यांनी घेतलं. मी घेऊ दिलं.

मुलीनं दिलेली मुदत भरली तेव्हा ही गेल्याला एकशे सहा दिवस झाले होते. मी शिक्का मारलेली चिठ्ठी घेऊन लॅबमध्ये गेलो. त्याच रक्त घेणाऱ्या बाई. त्यांनी मला ओळखलं.

‘काका! तुम्ही आलोच म्हणून गेलात ते आलाच नाहीत. दुसरा नमुना नाही म्हणून तुमच्या रिपोर्टवर सहीच झाली नाही. फाईल अजून उघडी आहे.’

‘काय झालं होतं ते...’

‘कळलं मला नंतर.’ त्यांनी सुई बाजूला ठेवली. ‘त्यातला सरासरीचा आकडा आलेला आहे. सही नाही, पण आकडा आहे. सांगू?’

मी मान हलवली.

‘सहा पूर्णांक चार. इतकं छान सहसा कुणाचं येत नाही.’

तो माझा आकडा नव्हता. तिचा होता. तिला कधी कळलाच नाही.

पहिलं रक्त दिलं. आठ वाजता. डबा उघडला, पाचव्या रेघेपर्यंतचा, खाल्ला. त्याच बाकावर बसलो. बाईंनी दारातून सांगितलं होतं, ‘या वेळी दुसरं दिल्याशिवाय जायचं नाही हं. दोन्ही झाल्याशिवाय रिपोर्ट निघत नाही.’ मी बसलो होतो. घड्याळ बघत नव्हतो, पण ते समोरच होतं. दहाला दहा कमी असताना माझ्या खिशातला फोन वाजला.

मुलगी होती. ‘बाबा, खाल्लंत ना? झालं का दुसरं?’

इतकंच विचारत होती ती. मी ‘आलोच’ म्हणालो. कुणाला म्हणालो कुणास ठाऊक. भानावर आलो तेव्हा मी घराच्या जिन्यात होतो, हातात रिकामा डबा, आणि वरून सोळा-आठ विचारत होते, ‘काय, इन्स्पेक्टर, पास?’

त्यानंतर मी दोनदा गेलो. दर वेळी नवीन उपास, नवीन पहिलं रक्त, नवीन डबा. सव्वानऊपर्यंत मी ठीक असतो. साडेनऊपर्यंतही बसतो. फोन बंद करून ठेवून बघितला, तर बंद फोनकडे बघत बसतो. रक्त घेणाऱ्या बाई म्हणतात, काका, मी शेजारी येऊन बसते. पण त्यांना इतरांचंही रक्त असतं.

मुलगी रोज विचारते. मी सांगतो, रिपोर्ट यायचाय. हे खोटं नाही; सही नसलेला आकडा मी बाईंना विचारत नाही. टेबलावर कुलूप आहे, किल्लीसकट. वहीचं शेवटचं पान मी उघडून बघतो, पण त्या ‘/१०’वर आकडा घालायचा मला अधिकार नाही.

दुसरं रक्त द्यायचं राहिलं आहे.